पुरुषांमधील पोटदुखी: संभाव्य कारणे, तातडीची लक्षणे आणि आयुष्मान कार्डावर मिळणारे उपचार

पोटदुखी हा स्वतंत्र आजार नाही, ते एक लक्षण आहे. तिच्यामागे साधे अपचन असू शकते किंवा आज रात्रीच शस्त्रक्रिया करावी लागेल असा विकारही असू शकतो. घरी बसून नेमके निदान करता येत नाही. मात्र वेदना कुठे आहे, कशी सुरू झाली आणि तिच्यासोबत आणखी काय होत आहे, याकडे लक्ष दिले तर थांबायचे की निघायचे हे ठरवता येते.

पुरुषांसाठी वेगळी माहिती देण्याची दोन कारणे आहेत. जांघेतला हर्निया पुरुषांत कितीतरी जास्त आढळतो, तर अंडकोषाला पीळ पडणे आणि प्रोस्टेट वाढून लघवी तुंबणे हे त्यांचेच विकार आहेत. दुसरे कारण रोजगाराचे आहे. रोजंदारीवर काम करणाऱ्याला एक खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी. त्यामुळे तो मेडिकलमधून गोळी घेऊन कामावर जातो आणि दवाखान्यात पोहोचतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

वेदना कोणत्या जागी आहे?

बेंबीभोवती सुरू होऊन काही तासांत उजव्या बाजूला खाली सरकणारी वेदना, सोबत मळमळ, बारीक ताप आणि जेवणावरची वासना उडणे, हे अपेंडिक्सला सूज आल्याचे चित्र असू शकते. सुरुवात बेंबीजवळ होत असल्याने अनेक घरांत ‘बेंबी सरकली’ असे समजून पोट चोळून घेतले जाते किंवा एरंडेल दिले जाते. असे करू नये. सुजलेले अपेंडिक्स फुटले तर पू पोटभर पसरतो.

पाठीकडून, बरगडीच्या खालून कळ सुरू होऊन ती जांघेकडे उतरत असेल, रुग्णाला कोणत्याही कुशीवर चैन पडत नसेल आणि लघवी लालसर होत असेल, तर मुतखड्याची शक्यता असते. वीटभट्टी, रस्त्याचे काम, ऊसतोड अशा उन्हातल्या कामात घाम भरपूर जातो आणि पाणी कमी प्यायले जाते, त्यामुळे खड्यांचा धोका वाढतो. मुतखड्यासोबत थंडी वाजून ताप आल्यास त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

उजव्या बरगडीखाली दुखणे पित्ताशयातील खड्यांचे किंवा यकृताचे असू शकते. ताप आणि कावीळ असल्यास तपासणी लांबवू नये. पोटाच्या वरच्या भागातून आरपार पाठीत जाणारी आणि पुढे वाकून बसल्यावर थोडी कमी होणारी तीव्र वेदना स्वादुपिंडाच्या सुजेची असू शकते. दारू आणि पित्ताचे खडे ही तिची दोन प्रमुख कारणे आहेत. दारूची सवय असेल तर डॉक्टरांना ती स्पष्ट सांगावी. लपवल्याने निदानाला उशीर होतो.

आठवडेच्या आठवडे पोट मंद दुखत आहे, वजन उतरत आहे आणि संध्याकाळी ताप येतो, असे असेल तर आतड्यांचा क्षयरोगही तपासावा लागतो. क्षयरोग केवळ फुप्फुसांचा नसतो. त्याचे औषधोपचार सरकारी केंद्रात मोफत आहेत आणि निक्षय पोषण योजनेतून उपचार सुरू असेपर्यंत दरमहा १,००० रुपये बँक खात्यात जमा होतात.

जांघेतली गाठ

हमाली, बांधकाम किंवा मोळ्या वाहण्याचे काम करणाऱ्यांनी हा भाग नीट वाचावा. पोटाच्या खालच्या भिंतीत कमकुवत जागा असेल तर वजन उचलताना, खोकताना किंवा शौचाला जोर करताना आतड्याचा भाग तिथून बाहेर येतो आणि जांघेत फुगवटा दिसतो. यालाच हर्निया म्हणतात. ‘अंतर्गळ’ हा त्याचा मराठी शब्द. सुरुवातीला आडवे झाल्यावर गाठ आत जाते आणि दुखणेही फारसे नसते. म्हणून माणूस वर्षानुवर्षे काढतो. पट्टा बांधल्याने हर्निया बरा होत नाही आणि त्यावर गोळीही नाही; शस्त्रक्रिया हाच उपाय आहे.

धोका पुढे आहे. एखाद्या दिवशी गाठ आत जात नाही, कडक होते, दुखू लागते, उलट्या होतात आणि शौच व वारा दोन्ही बंद होतात. याचा अर्थ आतडे अडकले असून त्याचा रक्तपुरवठा थांबत आहे. गाठ जोराने आत ढकलू नये, काही खाऊ-पिऊ नये, लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर साधारण चार ते सहा आठवडे जड वजन उचलता येत नाही. आतडे सडले तर मात्र त्याचा भाग कापून काढावा लागतो आणि जिवालाही धोका असतो. सुगी किंवा हंगाम संपल्यावरची तारीख आधीच घेऊन ठेवणे परवडते.

मुलगा ‘ओटीपोटात दुखते’ म्हणाला तर

अंडकोषाला अचानक पीळ पडणे साधारण १२ ते १८ वर्षांच्या मुलांत जास्त आढळते. वेदना कधी कधी ओटीपोटातच जाणवते आणि उलटी होते. मुलगा संकोचाने खरी जागा सांगत नाही, घरचे पोटाचे औषध देत बसतात. सुमारे सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर अंडकोष वाचण्याची शक्यता बरीच असते. त्यानंतर ती झपाट्याने कमी होते. वडिलांनी किंवा मोठ्या भावाने मुलाला बाजूला घेऊन सरळ विचारावे.

‘गॅस झाला असेल’

हे तीन शब्द आपल्याकडे फार सहज वापरले जातात. पोटाच्या वरच्या भागात, छातीच्या हाडाखाली जळजळ होण्याचे कारण बहुतेक वेळा आम्लपित्त असते हे खरे. पण चाळिशी ओलांडलेल्या, तंबाखू खाणाऱ्या किंवा मधुमेह असलेल्या पुरुषाला तिथेच अचानक दाब जाणवला, घाम फुटला, दम लागला, तर तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. सोडा पिऊन वाट पाहू नये. ईसीजी काढून घ्यावा.

अंगदुखीसाठी रोज घेतल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी जठरात व्रण होऊ शकतात. व्रणाचे दुसरे मोठे कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू आहे आणि त्यावर साधारण दोन आठवड्यांचे प्रतिजैविक उपचार आहेत. ज्या गोळीने व्रण झाला तीच गोळी पोटदुखीवर घेणे, ही चूक वारंवार होते. व्रण फुटल्यास सुरी खुपसल्यासारखी वेदना होते आणि पोट लाकडासारखे कडक लागते.

आज, आत्ता निघावे अशी लक्षणे

पोट कडक होऊन हात लावू न देणे. रक्ताची किंवा कॉफीच्या रंगाची उलटी. डांबरासारखी काळी शौच. वेदनेसोबत चक्कर येऊन अंग गार पडणे. शौच आणि वारा बंद होऊन पोट फुगणे. लघवी पूर्ण तुंबणे. यांपैकी एकही लक्षण दिसल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बहुतेक राज्यांत ही सेवा मोफत आहे.

खर्चाचे काय?

आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबाला दरवर्षी ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळतात. आजार कार्ड काढण्याच्या आधीपासूनचा असला तरी चालतो. म्हणजे पाच वर्षांचा जुना हर्नियाही त्यात येतो. वय ७० किंवा त्याहून अधिक असल्यास उत्पन्नाची अट नाही, आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येते. प्रोस्टेटचा त्रास असलेल्या आजोबांसाठी हे विचारून घ्यावे.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. ही योजना दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. नुसते तपासून औषध लिहून घेण्याचा खर्च तिच्यात येत नाही. दाखल झाल्यास त्याआधीच्या ३ दिवसांतील तपासण्या आणि घरी सोडल्यानंतरच्या १५ दिवसांची औषधे पॅकेजमध्ये धरली जातात. दाखल होण्याची गरज नसेल तर जवळचे आयुष्मान आरोग्य मंदिर किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. ई-संजीवनीवर डॉक्टरांशी मोफत बोलता येते.

कामासाठी दुसऱ्या राज्यात असलात तरी कार्ड चालते. बीडहून कर्नाटकात ऊसतोडीला गेलेल्या मजुराची गाठ अडकली, तर योजनेत सहभागी असलेल्या तिथल्या रुग्णालयात उपचार घेता येतात; गावी परतण्यात वेळ घालवू नये. कार्ड जवळ नसेल तर आधार क्रमांकावरून रुग्णालयातील आरोग्यमित्र यादीत नाव शोधतात. काही राज्यांत ठरावीक शस्त्रक्रिया फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. म्हणून तातडीची नसलेली शस्त्रक्रिया ठरवण्याआधी आरोग्यमित्रांना विचारावे किंवा १४५५५ या मोफत क्रमांकावर फोन करावा.

कारखान्यात किंवा आस्थापनेत दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतनावर काम करत असाल आणि पगारातून कर्मचारी राज्य विमा योजनेची कपात होत असेल, तर बाह्यरुग्ण तपासणीही त्यात येते. शिवाय आवश्यक अंशदान भरलेले असल्यास, डॉक्टरांनी प्रमाणित केलेल्या रजेसाठी वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के दराने आजारपणाचा लाभ मिळतो. त्यासाठी विमा दवाखान्यातून वैद्यकीय प्रमाणपत्र रजेच्या पहिल्या दिवसापासूनचे घ्यावे.