कक्षसंगीत-मैफल

पाश्चात्त्य अभिजात संगीतातील, मोजक्या वादकांनी लहान दालनात मर्यादित श्रोतृवर्गापुढे सादर करावयाचा प्रकार. यात रचनेतील प्रत्येक स्वतंत्र अंग एकेकच वादक वाजवितो आणि सामान्यतः संचालक नसतो. वाद्यवृंदाहून त्याचे वेगळेपण यातच आहे. दोन व्हायोलिने, एक व्हिओला व एक चेलो यांचे तंतुवाद्य-चतुष्टय हा त्याचा सर्वांत प्रतिष्ठित घाट होय. दालन या अर्थाच्या ‘कामेरा’ या इटालियन शब्दावरून ही संज्ञा आली. चर्चमधील व रंगभूमीवरील संगीताहून भिन्न असे, राजवाड्यांत व सरदारांच्या घरी चालणारे संगीत तिने सूचित होई.

चतुष्टयाला परिपक्व रूप दिले ते योझेफ हायडन (१७३२–१८०९) याने. त्याच्या काळी ही रचना बव्हंशी वाजविणाऱ्यांच्याच आनंदासाठी असे. ऐकणारे असलेच, तर यजमानांचे स्नेही. व्हायोलिनवादक इग्नाझ शुपानत्सिग याने १८०४-०५ च्या हिवाळ्यात व्हिएन्ना येथे वर्गणी घेऊन जाहीर चतुष्टय-मैफली सुरू केल्या आणि पैसे देऊन येणारा अपरिचित श्रोता या दालनात आला. जवळीक आणि जाहीरपणा यांतील ओढाताण तेव्हापासूनची आहे.

लंडनमधील विगमोर हॉल हे या मैफलींचे एक नामांकित स्थान आहे. बेख्‌श्टाइन या जर्मन पियानो-कंपनीने बांधलेले हे सभागृह ३१ मे १९०१ रोजी उघडले. पहिल्या मैफलीत फेर्रूच्चो बुसोनी व यूजेन ईझाई यांचे वादन झाले. पहिल्या महायुद्धात शत्रुराष्ट्राची मालमत्ता म्हणून त्याचा लिलाव झाला आणि १९१७ मध्ये ते आजच्या नावाने पुन्हा सुरू झाले. आसने सुमारे ५५० आहेत. मोठ्या नाट्यगृहाच्या मानाने ही संख्या अल्प. परंतु ती वाढविली, तर धनुकलीचा तारेवरील हलका स्पर्श मागच्या रांगेपर्यंत पोहोचणार नाही.

कोव्हिड-१९ च्या साथीमुळे मार्च २०२० मध्ये हे सभागृह बंद झाले. १ जून २०२० रोजी पियानोवादक स्टीव्हन हफ यांनी रिकाम्या खुर्च्यांपुढे वादन करून दुपारच्या मैफलींची मालिका सुरू केली. बी.बी.सी.च्या रेडिओ ३ वरून व आंतरजालावरून तिचे थेट प्रक्षेपण झाले. हफ यांनी आरंभी बाखची ‘शाकोन’ ही रचना वाजविली, तीही बुसोनीने पियानोसाठी केलेल्या रूपांतरात. कलावंतांना परस्परांपासून अंतर राखावे लागत असल्याने या मालिकेत एकल व द्वंद्व कार्यक्रमच ठेवले गेले. कक्षसंगीताचा गाभा असलेले चतुष्टय नेमके त्या काळी बसू शकत नव्हते.

वादकांनी आपापल्या घरून एकत्र का वाजवू नये, असा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला. त्याचे उत्तर ध्वनीच्या वेगात आहे. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मी. जातो, म्हणजे दोन मीटरवर बसलेल्या सहवादकाचा स्वर सुमारे ६ सहस्रांश सेकंदात ऐकू येतो. हा विलंब २५ ते ३० सहस्रांश सेकंदांपलीकडे गेला, की लय सांभाळणे कठीण होऊ लागते. प्रत्येकजण दुसऱ्याची वाट पाहतो व गती मंदावत जाते. आंतरजालावरील नेहमीच्या संभाषण-प्रणालींत विलंब याहून बराच अधिक असतो. शिवाय त्या बोलण्यासाठी घडविलेल्या असल्याने लांबविलेला मंद स्वर त्यांना गोंगाट वाटतो व त्या तो दाबून टाकतात. दूरस्थ श्रोत्याला मात्र काही सेकंदांचा उशीर जाणवतही नाही. म्हणून वादक एकाच दालनात आणि श्रोते काही समोर, काही दूर, हीच मांडणी व्यवहार्य ठरली व निर्बंध उठल्यानंतरही अनेक संस्थांनी ती चालू ठेवली. वृद्ध, आजारी किंवा परगावच्या रसिकांना तिचा लाभ मोठा आहे.

या मांडणीत एक उणीव उरतेच. घरच्या श्रोत्याला सूक्ष्मध्वनिग्राहकाने टिपलेला समतोल ऐकू येतो, पण त्याचे ऐकणे वादकांपर्यंत पोहोचत नाही. हिंदुस्थानी संगीताच्या बैठकीत समेवर उमटणारी दाद गायकाला पुढची जागा सुचविते, म्हणून तेथे ही हानी उघड दिसते. कक्षसंगीतात रचना संपेपर्यंत टाळी वाजवावयाची नसते. तरीही भरलेल्या दालनातील शांतता व रिकाम्या दालनातील शांतता वादकाला वेगळ्या भासतात. माणसांच्या अंगांनी व कपड्यांनी ध्वनी शोषला जात असल्याने, नुसत्या ध्वनिशास्त्राच्या दृष्टीनेही त्या एक नव्हेत.

मुंबईत मेहली मेहता (१९०८–२००२) यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा व पुढे बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट स्थापन करून या प्रकाराचा पाया घातला. शहरात त्याचा श्रोतृवर्ग आजही लहानच आहे.