आपला की बाहेरचा? कोचच्या वादाची पंचाहत्तर वर्षे

भारताच्या फुटबॉल संघासाठी कोच हवा, अशी जाहिरात जुलै २०२५ मध्ये निघाली आणि अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे १७० अर्ज आले. त्यातला एक होता झावी एर्नांडेझच्या नावाचा. तोच तो बार्सिलोनाचा झावी, २०१० चा विश्वचषक जिंकणाऱ्या स्पेनच्या मधल्या फळीचा कणा. बातमी फुटली आणि देशभरातल्या फुटबॉलवेड्यांची झोप उडाली. झावी आला तर संघ कसा खेळेल, ते छोटे छोटे पास आपल्या पोरांना झेपतील का, त्याचा पगार कोणाच्या खिशातून जाणार, यावर खल सुरू झाला. लगेच महासंघाचाच खुलासा आला. झावी आणि पेप ग्वार्दिओला या दोघांच्या नावाने आलेले ई-मेल खरे नव्हते. पुढे एका एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याने हा उद्योग आपला असल्याचे सांगून टाकले.

नांदेड जिल्ह्यातल्या नायगावसारख्या तालुक्याच्या गावी फुटबॉलचा संघ शोधावा लागेल, फुटबॉलचे जाणकार मात्र शोधावे लागणार नाहीत. शनिवार-रविवारी रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर प्रीमियर लीग पाहणारी पोरे मराठवाड्यात कुठेही भेटतात, आणि त्यांच्यात मँचेस्टर युनायटेडचा एखादा दुखावलेला भक्त असतोच. त्याचे दुखणे समजण्यासारखे आहे. अॅलेक्स फर्ग्युसन १९८६ ते २०१३ इतका काळ एकाच खुर्चीवर बसले. ते उतरले आणि मोयेस, व्हान गाल, मोरिन्यो, सोल्शेअर, राल्फ रांगनिक, टेन हाग, अमोरिम अशी रांगच लागली. दर वेळी नवा माणूस आला की चाहते सुखावतात, चार सामने हरले की पुढचा कोण याची यादी तयार करायला घेतात.

कोच बदलला की संघ सुधारतो, हा समज जगभर आहे. डच अर्थतज्ज्ञ बास तेर वील यांनी नेदरलँड्सच्या साखळीतले १९८६ ते २००४ या काळातले कोचबदल तपासले. बदलानंतर निकाल सुधारतात हे त्यांना दिसले. पण तितक्याच वाईट फेऱ्यात सापडलेल्या आणि तरीही कोच न बदललेल्या संघांचे निकालही तसेच सुधारले होते. म्हणजे तळ गाठलेला संघ बहुतेक वेळा वर येणारच असतो, श्रेय मात्र नव्या माणसाला मिळते आणि बोल जुन्याला लागतो.

भारतात या वादाला आणखी एक धार आहे. इथे आधी विचारले जाते ते हे, की कोच आपला हवा की परदेशी. या प्रश्नाचे मूळ शोधायला नायगावकरांना फार लांब जावे लागत नाही. नांदेडहून नायगाव, नरसी, देगलूर करत जो रस्ता पुढे जातो, तो हैदराबादला पोचतो, आणि भारताचा आजवरचा सर्वांत यशस्वी फुटबॉल कोच त्याच हैदराबादचा होता. एवढेच नव्हे, त्या काळी मराठवाडाही हैदराबाद राज्यातच होता.

सय्यद अब्दुल रहीम. १९०९ चा जन्म, पेशाने शिक्षक. हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाला त्यांनी असे घडवले की १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे या संघाने मुंबईत येऊन रोव्हर्स कप नेला. कूपरेजच्या मैदानावर मुंबईकरांनी टाळ्या वाजवल्या त्या निजामाच्या मुलखातून आलेल्या पोलिसांसाठी. रहीम यांची शिकवण्याची पद्धत त्या काळी विचित्र वाटावी अशी होती. ड्रिबलिंगला बंदी असलेल्या स्पर्धा ते भरवत, म्हणजे चेंडू पायात ठेवून मिरवायचे नाही, पास द्यायचाच. ज्याचा डावा पाय कच्चा त्याने डाव्यानेच खेळायचे, अशाही स्पर्धा असत. शाळामास्तरच तो, जिथे कच्चे आहे तिथेच गृहपाठ जास्त देणार.

१९५० च्या सुमारास राष्ट्रीय संघ त्यांच्याकडे आला. १९५१ मध्ये दिल्लीतल्या पहिल्या आशियाई स्पर्धेत भारताने अंतिम सामन्यात इराणला १-० हरवून सुवर्ण मिळवले. पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडवला. आपले बरेच खेळाडू अनवाणी होते, समोर बूट घालून खेळणारा तगडा संघ होता. आज असा निकाल लागला तर कोच विमानतळावर उतरण्याआधी त्याचा राजीनामा मागितला जाईल. रहीम यांचे पर्व मात्र तिथे संपले नाही. अधूनमधून सूत्रे दुसऱ्यांकडे गेली, तरी मोठ्या स्पर्धांना महासंघ पुन्हा पुन्हा त्यांच्याकडेच वळला.

मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात आला. बरोबर एक महिन्याने, १ डिसेंबरला, मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये रहीम यांच्या संघाने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले. त्यातले तीन गोल नेव्हिल डिसोझाचे. हा गोव्याचा मुलगा, खेळायचा मुंबईत टाटांच्या संघाकडून. ऑलिम्पिकमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. संघात तुलसीदास बलराम, झुल्फिकारुद्दीन, अझीझ, नूर मोहम्मद असे हैदराबादी होते, म्हणजे कोचने लहानपणापासून पाहिलेली पोरे. उपांत्य फेरीत युगोस्लाव्हियाने पुन्हा हरवले, पण या वेळी ४-१. भारत चौथा आला. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये याहून वर आपण कधी गेलेलो नाही.

रहीम यांची खरी करामत मात्र १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेतली. बचावपटू जर्नेल सिंगच्या डोक्याला टाके पडले होते. रहीम यांनी त्याला घरी न बसवता थेट आघाडीला उभे केले. त्याने उपांत्य फेरीत गोल केला आणि ४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यातही. प्रचंड गर्दी भारताच्या विरोधात ओरडत असताना दक्षिण कोरियावर २-१ असा विजय आणि सुवर्णपदक. स्वतः रहीम तेव्हा कर्करोगाने खंगले होते. जून १९६३ मध्ये ते गेले. आशियाई स्पर्धेतले फुटबॉलचे सुवर्ण त्यानंतर भारताला मिळालेले नाही.

रहीम ‘आपले’ होते म्हणून जिंकले, असे म्हणणे सोपे आहे. त्यांच्याजवळ काय होते ते पाहिले तर कारण वेगळेच दिसते. खेळाडू पोरवयापासून ओळखीचे, निर्णय घ्यायला मोकळीक, आणि मोठ्या पराभवानंतरही परत येणारा विश्वास. हे तिन्ही मिळाले तर परदेशी कोचचेही चालते. इंग्लंडचे बॉब हाउटन २००६ ते २०११ राहिले आणि भारत २७ वर्षांनी आशियाई चषकात खेळला. स्टीफन कॉन्स्टंटाइन २०१५ मध्ये दुसऱ्यांदा आले, तेव्हा भारत जागतिक क्रमवारीत १७० च्या पलीकडे होता. तो ९६ पर्यंत आला. जानेवारी २०१९ मध्ये त्यांच्याच संघाने आशियाई चषकात थायलंडला ४-१ हरवले. उलट क्रोएशियाचे इगोर स्टिमॅक पाच वर्षे राहूनही शेवटी वादातच गेले. संघनिवडीच्या काळात दिल्लीतल्या एका ज्योतिषाशी खेळाडूंची माहिती वाटून घेतल्याची बातमी त्यांच्याच कारकिर्दीतली. पासपोर्ट परदेशी असला म्हणून पत्रिका पाहायची नाही असे थोडेच आहे!

देशी कोचच्या वाट्याला बहुतेक वेळा येते ती बदलीची पाळी. गोव्याच्या आर्मांदो कोलासोंनी डेंपो क्लबला पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. राष्ट्रीय संघ त्यांना मिळाला तो २०११ मध्ये हाउटन गेल्यावर, जेमतेम काही महिने. नंतर आणखी एक गोवेकर, सावियो मदेइरा. त्यांनी त्याच वर्षी दिल्लीत सॅफ स्पर्धा जिंकली, पण मार्च २०१२ च्या चॅलेंज कपमध्ये भारत तिन्ही सामने एकही गोल न करता हरला आणि खुर्ची पुन्हा परदेशी माणसाकडे गेली. क्लबांतही तेच. इंडियन सुपर लीग (आयएसएल) खेळणाऱ्या एफसी गोवाने जानेवारी २०२० अखेर स्पेनच्या सर्जियो लोबेरांना काढले, तेही संघ गुणतालिकेत वरच्या टोकाला असताना. उरलेले सामने क्लिफर्ड मिरांडा या घरच्या माणसाने सांभाळले, गोवा पहिला आला आणि एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत जाणारा पहिला भारतीय क्लब ठरला. पुढच्या हंगामासाठी क्लबने नेमला पुन्हा एक स्पॅनिश कोच. आणि लोबेरा? ते मुंबई सिटीत गेले आणि २०२०-२१ मध्ये साखळीची शील्ड आणि चषक दोन्ही घेऊन मोकळे झाले. चाहत्यांनी कोणाच्या बाजूने भांडावे हे यावरून ठरवता येत असेल तर त्यांनी जरूर ठरवावे.

मुंबईच्या खालिद जमील यांची गोष्ट याहून बोलकी आहे. खेळाडू म्हणून महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया, मुंबई एफसी. मग २००९ पासून सात वर्षे मुंबई एफसीचे कोच. पैसा थोडा, नावाजलेले खेळाडू नाहीत. संघ बचाव घट्ट करून खेळायचा आणि आय-लीगमध्ये दर वर्षी तग धरायचा. बघायला कंटाळवाणा, असा शेराही मिळायचा. २०१६ मध्ये क्लबने त्यांना जाऊ दिले. ते गेले मिझोरामच्या ऐझॉल एफसीकडे. हा संघ आदल्या हंगामात खालच्या श्रेणीत घसरला होता, गोव्याचे क्लब बाहेर पडले म्हणून कसाबसा आय-लीगमध्ये राहिला होता. खालिद यांनी जयेश राणे आणि आशुतोष मेहता हे मुंबईचे ओळखीचे गडी सोबत नेले. ३० एप्रिल २०१७ रोजी ऐझॉल विजेता झाला. त्याच हंगामात मुंबई एफसीने मध्येच कोच बदलला, तरी संघ तळाला राहिला, खाली घसरला आणि क्लबच बंद पडला. सात वर्षे ‘नुसता तग धरणारा’ माणूस क्लबला काय देत होता, याचा हिशेब तेव्हा लागला.

तरीही आयएसएलची दारे उघडायला वेळ लागला. २०१४ साली सुरू झालेल्या या स्पर्धेत कायम मुख्य कोच म्हणून नेमलेला पहिला भारतीय म्हणजे खालिदच, तेही २०२१ मध्ये. त्याआधी नॉर्थईस्ट युनायटेडने त्यांना हंगामी म्हणून बसवले होते आणि त्यांनी संघ प्ले-ऑफपर्यंत नेला होता. नंतर जमशेदपूर. महासंघाचा वर्षातील सर्वोत्तम कोच हा पुरस्कारही मिळाला.

आता परत त्या १७० अर्जांकडे. स्पॅनिश कोच मानोलो मार्केझ २०२४ मध्ये आले, एफसी गोवा आणि भारत असे दोन्ही संघ एकाच वेळी सांभाळू लागले, आठ सामन्यांत एक जिंकून वर्षभरात गेले. मग आय. एम. विजयन यांच्या तांत्रिक समितीने तीन नावे काढली: कॉन्स्टंटाइन, स्लोव्हाकियाचे माजी कोच स्टेफान टारकोविच आणि खालिद. १ ऑगस्ट २०२५ ला खालिद यांची निवड झाली. मदेइरांनंतर १३ वर्षांनी भारतीय माणूस या खुर्चीवर बसला. महिनाभरात ताजिकिस्तानातल्या एका स्पर्धेत भारताने यजमानांना २-१ हरवले आणि ओमानला पेनल्टीवर मागे टाकून तिसरे स्थान घेतले. ‘बघा, आपला तो आपला’ असे म्हणणाऱ्यांचे दिवस आले. पण १४ ऑक्टोबरला मडगावच्या फातोर्ड्यावर सिंगापूरने २-१ ने हरवले आणि २०२७ च्या आशियाई चषकाचा रस्ता बंद झाला. नोव्हेंबरात ढाक्यात बांगलादेशकडूनही ०-१. लगेच दुसऱ्या बाजूचे दिवस आले.

या निकालांचा दोष एकट्या कोचवर टाकणे अन्यायाचे आहे. ताजिकिस्तानातल्या स्पर्धेसाठी मोहन बागानने खेळाडू सोडले नव्हते. पात्रता फेरीतले पहिले गुण मार्केझ यांच्याच काळात गेले होते. त्या शरद ऋतूत तर आयएसएलच सुरू झाली नव्हती, स्पर्धेच्या हक्कांचा करार लटकला होता, खेळाडूंना सामनेच नव्हते. सामन्यांविना खेळाडू आणि सरावाला मोजके दिवस, एवढ्यावर झावी खरोखर आला असता तरी काय करणार होता? म्हणून कोचच्या वादात नावाआधी तीन गोष्टी विचारायला हव्यात: करार किती वर्षांचा, क्लब खेळाडू किती दिवस सोडणार आणि संघनिवडीत शेवटचा शब्द कोणाचा. या तिन्हींवर गप्पांत कोणी आवाज चढवत नाही, कारण त्यांत चेहरा नसतो.

महाराष्ट्रात कोच कमी नाहीत. कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर खेळतात तेव्हा अख्खे शहर कोच होते, आणि २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव याच वातावरणातून आला. मराठवाड्यात असे मैदानही नाही आणि असा कट्टाही नाही. पण शाळा आहेत, क्रीडाशिक्षक आहेत, आणि कोचचा परवाना घेण्याची वाट सगळ्यांना खुली आहे. डीपासून सुरू होते, मग सी, बी, ए आणि शेवटी प्रो. राष्ट्रीय संघ सांभाळणारा माणूसही याच पायऱ्या चढून गेलेला असतो. राज्यात फुटबॉलचा कारभार वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन पाहते. पुढचा कोच कोण यावर रात्र रात्र भांडणाऱ्या नायगाव-नांदेडच्या पोरांपैकी एकाने तरी तिथे डी परवान्याच्या वर्गाची चौकशी करावी.