घसाऱ्यात निघालेलं यंत्र

आयकराच्या हिशेबात कॉम्प्युटरवर वर्षाला ४० टक्के घसारा धरतात, तोही दरवर्षी उरलेल्या किमतीवर. म्हणजे कंपनीने पन्नास हजारांना घेतलेलं यंत्र सहा वर्षांनी वहीत तेवीसशे रुपयांच्या आसपास उरतं. मी डोंबिवलीत लोकांचे हिशेब लिहिते, त्यामुळे असे आकडे रोज डोळ्यांखालून जातात. वहीतून उतरलेलं यंत्र प्रत्यक्षात बहुतेकदा धडधाकट असतं. त्यात मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली. विंडोज ११ ला इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर, एखाददुसरा अपवाद सोडला तर, चालत नाहीत. तेव्हा ऑफिसांनी चांगली यंत्रं ढिगाने काढली, आणि त्यातली बरीच मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर येऊन पडली. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असतं. तसं म्हणून पत्ता विचारलात तर दुकानदार जरा थांबून बघतो.

माझा घरचा सर्व्हर असाच तिथून आला. सर्व्हर म्हटलं की लोकांना वातानुकूलित खोली आठवते. आमच्याकडचा टीव्हीमागे, राउटरच्या शेजारी असतो आणि आकाराने साधारण मिठाईच्या अर्ध्या किलोच्या खोक्याएवढा आहे. त्याला पडदा नाही, कीबोर्ड नाही. तो फक्त चालू असतो आणि घरातल्या कुणीही मागितलेली फाइल देतो. घरातल्या सगळ्यांच्या फोनमधले फोटो, वडिलांनी रेडिओवरून कॅसेटवर उतरवलेली नाट्यगीतं, दोन लग्नं, एक मुंज आणि सासूबाईंच्या भजनी मंडळाच्या चित्रफिती त्याच्यावर आहेत. क्लायंटची कागदपत्रं त्यावर नाहीत. घरच्या आणि धंद्याच्या वह्या वेगळ्याच असाव्यात.

खरेदीला जाताना मी एकच गोष्ट ठरवून गेले होते: इंटेलची सातवी पिढी. विंडोज ११ ला ती नको आहे, म्हणून स्वस्त. आपल्या कामाला मात्र ती नेमकी हवी. हल्लीच्या फोनमधला व्हिडिओ बहुधा एच. २६५ या पद्धतीने दाबून साठवलेला असतो, आणि महागड्या फोनमधला तर १० बिट रंगांचा. जुन्या टीव्हीला तो उलगडता येत नाही, मग सर्व्हरला तो चालता चालता सोप्या रूपात बदलून द्यावा लागतो. हे काम नुसत्या प्रोसेसरवर टाकलं तर पंखा किंचाळतो. इंटेलच्या चिपमध्ये २०११ पासून व्हिडिओसाठी वेगळा भाग असतो, त्याला क्विक सिंक म्हणतात. सहाव्या पिढीत त्याला ८ बिटचा एच. २६५ नीट जमू लागला, सातव्या पिढीत १० बिटचाही. म्हणून आय-फाइव्ह ७५०० टी. शेवटच्या ‘टी’चा अर्थ कमी वीज खाणारा. डेल ऑप्टिप्लेक्स ३०५० मायक्रो, लेनोव्हो एम ७१० क्यू, एचपी एलिटडेस्क ८०० जी-३ मिनी ही तिन्ही त्याच काळातली भावंडं. ज्याची अवस्था बरी असेल ते घ्यावं. मला आठ जीबी रॅमसह नऊ हजारांना पडलं. दुकानदाराचा आग्रह होता की टीव्ही बघायला एवढं कशाला, आय-थ्री न्या. त्याला एच. २६५ समजावत बसले नाही, अ‍ॅडाप्टर मूळ कंपनीचा आहे का ते बघून घेतलं. यंत्र चांगलं असतं आणि त्याच्यासोबत भलताच अ‍ॅडाप्टर गळ्यात मारतात.

घरी आल्यावर मागचा स्क्रू काढून झाकण सरकवलं, धूळ झाडली, प्रोसेसरवरची वाळून खडू झालेली पेस्ट पुसून नवी लावली. मग आतला गोल सेल बदलला, घड्याळाच्या दुकानात मिळतो तो सीआर २०३२. हा सेल फार कुणी सांगत नाही. बायोसमध्ये एक सेटिंग असतं: लाइट जाऊन आली की यंत्राने आपोआप सुरू व्हावं. ते चालू करावंच लागतं, नाहीतर पावसाळ्यात रोज कुणीतरी टीव्हीमागे हात घालून बटण दाबत बसणार. सेल संपलेला असेल तर लाइट गेल्यावर यंत्र घड्याळही विसरतं आणि हे सेटिंगही. इन्व्हर्टर असला तरी छोटा यूपीएस लावावा, कारण इन्व्हर्टरवर बदली होतानाच्या क्षणभराच्या खंडातही यंत्र बंद पडू शकतं.

सॉफ्टवेअरला पैसे पडत नाहीत. डेबियन लिनक्सवर बेतलेलं ओपनमीडियाव्हॉल्ट मी पेनड्राइव्हवरून चढवलं. त्यानंतरचा कारभार लॅपटॉपच्या ब्राउझरमधून चालतो. विंडोजच्या लॅपटॉपला लिनक्सवरचं फोल्डर आपल्याच घरचं वाटावं, हे काम करतो सांबा. तो १९९२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरा इथे पीएचडी करणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी पहिल्यांदा लिहिला. तारेवरून दोन यंत्रं एकमेकांशी काय बोलतात ते ऐकून त्यांनी ती भाषा उलगडली होती. रात्री माझ्या एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर फक्त बदललेला भाग नेणारा आरसिंकही त्यांच्याच हातचा, १९९६ चा, पॉल मॅकेरास यांच्यासोबत केलेला. एका माणसाच्या दोन जुन्या कामांवर माझं घर चालतं.

टीव्हीवर दाखवायचं काम जेलीफिनकडे. एम्बी नावाच्या प्रकल्पाने २०१८ मध्ये आपला कोड झाकून ठेवायचं ठरवलं, तेव्हा त्याच वर्षीच्या डिसेंबरात काही जणांनी जुना खुला कोड घेऊन वेगळी चूल मांडली, ती ही. फोल्डर लावताना घरच्या चित्रफितींसाठी ‘होम व्हिडिओ’ हाच प्रकार निवडा. ‘मूव्ही’ निवडलंत तर जेलीफिन नावावरून इंटरनेटवर सिनेमा शोधायला जातं, आणि ‘मुंज’ नावाच्या फाइलवर ‘मुंज्या’चं पोस्टर येऊन बसू शकतं. सासूबाईंच्या टीव्हीवर आता ‘भजनी मंडळ’ असा चौकोन दिसतो; त्या स्वतः लावतात, आणि मधेच थांबवून पेटीवाल्या बाईंचा सूर कुठे घसरला तेही आम्हाला दाखवतात.

आता डिस्क. माझं या विषयातलं एकमेव ठाम मत इथे आहे: यंत्र जुनं घ्या, डिस्क नवी घ्या. यंत्र गेलं तर लॅमिंग्टन रोडवर दुसरं मिळतं. वडिलांनी उतरवलेलं गाणं मिळत नाही. खर्चाच्या वहीत म्हणूनच माझी डिस्कची रक्कम यंत्राच्या तिपटीहून जास्त आहे. स्वस्तातल्या बऱ्याच डिस्क एसएमआर पद्धतीच्या असतात. त्यांच्यावर माहितीचे पट्टे मंगलोरी कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात, त्यामुळे मधलं एक बदलायचं तर पुढची उचलावी लागतात आणि लिहिणं रेंगाळतं. एकदा भरून वर्षानुवर्षं वाचायच्या फोटो-व्हिडिओंना त्या चालतात. ज्यांना रेड करायचंय (ते काय, ते पुढे) त्यांनी सीएमआरच घ्यावी, तिच्यात पट्टे एकावर एक चढवलेले नसतात.

रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र जुंपायची युक्ती. बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांचा १९८८ चा निबंध तिचा उगम. दुकानात विकत मिळणाऱ्या दोन कप्प्यांच्या तयार सर्व्हरमध्ये हीच युक्ती असते, आणि तो डिस्कशिवायच वीस हजारांच्या आसपास जातो. एक डिस्क मेली तरी काम थांबत नाही, हे खरं. पण घरातल्या कुणी चुकून फोल्डर पुसलं तर रेड ते दोन्हीकडून तत्परतेने पुसतं. बँकेला क्षणभरही थांबून चालत नाही. माझं भजनी मंडळ दोन दिवस दिसलं नाही तर काही बुडत नाही. म्हणून मी रेड केलं नाही. चार टेराबाईटच्या तीन डिस्क घेतल्या. पहिली रोजच्या वापराची. दुसरीवर रात्री दोन वाजता प्रत उतरते, पण पुसलेल्या फाइली तिच्यावरून महिनाभर जात नाहीत, तसं मी बांधून घेतलंय. तिसरी सांगलीला भावाच्या कपाटात असते; भाऊबीजेला तो ती घेऊन येतो आणि ताजी प्रत भरून परत नेतो. ओवाळणीत मला जुनी डिस्क मिळते, असं तो सगळ्यांना सांगतो. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर, असा नियम या क्षेत्रात मानतात. माझ्या तिन्ही प्रती हार्ड डिस्कवरच आहेत, एवढी सूट मी घेतली आहे.

विजेचं गणित सोपं आहे. यंत्र आणि दोन डिस्क मिळून २० वॉट धरले तर महिन्याला साधारण साडेचौदा युनिट होतात. माळ्यावरचा जुना मोठा कॉम्प्युटर फुकट आहे म्हणून तोच सर्व्हर करायचा मोह होतो. तो ७० वॉट खात असेल तर पन्नास युनिट. महावितरणच्या बिलात शंभर युनिटांनंतर दर एकदम चढतो, त्यामुळे काठावरच्या घराला हे फुकटचं यंत्र सगळ्यात महाग पडतं.

नेटवर्कमध्ये एकच तपासा. इंटरनेटवाल्याने दिलेल्या स्वस्त राउटरची भोकं पुष्कळदा १०० मेगाबिटची असतात. त्यातून सेकंदाला जास्तीत जास्त बारा मेगाबाईट जातात, आणि लग्नाची चित्रफीत चढवताना जेवण उरकून यावं लागतं. गिगाबिट राउटर आणि कॅट-६ वायर असेल तर एकशे दहापर्यंत वेग मिळतो.

मुलगी बंगळूरूला असते, तिलाही फोटो हवे असतात. त्यासाठी राउटरमध्ये बाहेरून येण्याची वाट उघडू नका. २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने अशा उघड्यावर ठेवलेल्या घरगुती सर्व्हरांवरच्या फाइली जगभर कुलूपबंद केल्या. आणि आपल्याकडे अनेक इंटरनेट कंपन्या इंटरनेटवरचा एकच पत्ता पुष्कळ घरांत वाटून देतात, त्यामुळे ती वाट उघडतही नाही. टेलस्केल ही सेवा घरगुती वापराला फुकट आहे. ती वायरगार्ड या तंत्रावर चालते आणि मुलीच्या लॅपटॉपपासून माझ्या खोक्यापर्यंत बंद बोगदा काढून देते.

क्लाउडवर दोन टेराबाईट जागेचं वर्षाचं भाडं, मी पाहिलं तेव्हा, साडेसहा हजारांच्या घरात होतं. माझा खर्च यूपीएससह पंचेचाळीस हजारांवर गेला. मी चार टेराबाईट तीन डिस्कवर ठेवते हे धरूनही पहिली काही वर्षं भाडंच स्वस्त, आणि माझे रविवार तर मी धरलेलेच नाहीत. शिवाय ज्यांच्या घरातलं सगळं मिळून दोनशे जीबीच्या आत आहे, त्यांनी या भानगडीत पडू नये. दोन बाहेरच्या डिस्क घ्याव्यात, दोन्हींवर तेच भरावं, आणि एक बहिणीकडे किंवा भावाकडे ठेवायला द्यावी.