संगणक व आंतरजाल सेवेचा एकत्रित करार

संगणक व आंतरजाल सेवेचा एकत्रित करार म्हणजे संगणक आणि आंतरजालाची (इंटरनेटची) जोडणी या दोन गोष्टी ठरावीक मुदतीच्या एकाच करारान्वये ग्राहकाला देण्याची विक्रीपद्धती होय. या पद्धतीत संगणकाची किंमत आरंभी अंशतः किंवा पूर्णतः माफ केली जाते आणि ती पुढील दोन ते तीन वर्षांच्या मासिक आकारातून वसूल होते. अशा करारांचा प्रसार इ.स. १९९९ च्या सुमारास प्रथम अमेरिकेत झाला. संगणक विकत घेण्याइतकी रक्कम एकदम उभी करू न शकणाऱ्या कुटुंबांना या करारांमुळे आंतरजाल वापरता येते, असे समर्थक मानतात. टीकाकारांच्या मते "मोफत" या शब्दाआड एकूण खर्च लपतो आणि दीर्घ बंधनामुळे ग्राहकाला स्वस्त व सुधारित सेवेकडे वळता येत नाही.

स्वरूप

या कराराचे चार प्रमुख प्रकार आढळतात.

* सवलत-प्रकार: ग्राहक संगणक स्वतंत्रपणे विकत घेतो. सेवेसाठी दीर्घ मुदतीची नोंदणी केल्यास सेवादाता त्याला मोठी रोख सवलत देतो.
* हप्ता-प्रकार: संगणक, जोडणी आणि बहुधा दुरुस्तीची हमी यांसाठी एकच मासिक रक्कम आकारली जाते.
* जाहिरात-प्रकार: संगणक विनामूल्य मिळतो. त्याबदल्यात पडद्यावर सतत जाहिराती दिसतात आणि ग्राहकाला स्वतःची वैयक्तिक माहिती द्यावी लागते.
* अनामत-प्रकार: उपकरण अनामत रकमेवर मिळते. मुदत संपल्यावर अटींची पूर्तता झाली असल्यास अनामत परत केली जाते.

चारही प्रकारांत उपकरणाचे मूल्य कोणत्या ना कोणत्या मार्गाने ग्राहकाकडूनच वसूल होते. फरक असतो तो वसुलीच्या वेळेत आणि रूपात.

इतिहास

*पूर्वपीठिका*

उपकरण स्वस्तात देऊन वापरावर कमाई करण्याची कल्पना संगणकापेक्षा जुनी आहे. दूरसंचार क्षेत्रातील तिचे ठळक उदाहरण म्हणजे फ्रान्समधील मिनिटेल ही यंत्रणा. १९८० च्या दशकाच्या आरंभापासून फ्रान्सच्या सरकारी दूरध्वनी खात्याने ग्राहकांना मिनिटेलची यंत्रे विनामूल्य वाटली. उत्पन्न प्रामुख्याने सेवांच्या वापरावरील मिनिटागणिक आकारातून मिळत असे. ही सेवा ३० जून २०१२ रोजी बंद झाली.

*१९९९-२००० मधील अमेरिकी लाट*

१९९० च्या दशकाच्या अखेरीस वैयक्तिक संगणकाच्या किमती वेगाने उतरल्या आणि साध्या संगणकाची किंमत ४०० डॉलरच्या आसपास आली. त्याच काळात कॉम्प्युसर्व्ह आणि मायक्रोसॉफ्टची एमएसएन सेवा यांनी तीन वर्षांच्या नोंदणीवर ४०० डॉलरची सवलत जाहीर केली. सेवेचा मासिक आकार २१.९५ डॉलर होता. परिणामी दुकानातून बाहेर पडताना ग्राहकाला संगणक जवळजवळ फुकट मिळाल्यासारखे वाटे.

१९९९ मध्येच स्थापन झालेल्या पीपलपीसी या कंपनीने महिना २४.९५ डॉलर या दराने तीन वर्षांसाठी संगणक आणि जोडणी एकत्र देऊ केली. तीन वर्षांची ही एकूण रक्कम ८९८.२० डॉलर होते. फ्री-पीसी या कंपनीने जाहिराती पाहण्याच्या अटीवर १०,००० संगणक विनामूल्य वाटण्याची घोषणा केली. मात्र त्याच वर्षाच्या अखेरीस ती ई-मशीन्स या संगणक कंपनीत विलीन झाली. पीपलपीसी २००२ मध्ये अर्थलिंक या सेवादात्या कंपनीने विकत घेतली.

जानेवारी २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने कॅलिफोर्निया आणि ओरेगन या राज्यांतील ४०० डॉलरची सवलत स्थगित केली. तेथील कायद्यांमुळे ग्राहकाला सवलतीची रक्कम परत न करताही सेवा रद्द करता येत होती. वसुलीची हमी जाताच सवलतही मागे घ्यावी लागली. ही सवलत व्यवहारात कर्जासारखीच होती, हे यावरून स्पष्ट होते.

*नेटबुकचा काळ*

२००८ च्या सुमारास नेटबुक नावाचे छोटे संगणक आणि मोबाइल आंतरजाल यांमुळे ही पद्धत पुन्हा पुढे आली. जपानमध्ये ई-मोबाइल कंपनीच्या दोन वर्षांच्या करारावर १०० येनमध्ये संगणक विकले गेले. अमेरिकेत डिसेंबर २००८ मध्ये रेडिओशॅक या विक्रीसाखळीने एसर कंपनीचे नेटबुक एटी अँड टी कंपनीच्या दोन वर्षांच्या करारासह ९९.९९ डॉलरला विक्रीस ठेवले. करारानुसार महिना ६० डॉलर द्यावे लागत. म्हणजेच करांव्यतिरिक्त दोन वर्षांचा एकूण खर्च १,५३९.९९ डॉलर होता.

अर्थशास्त्रीय विवेचन

*एकत्रित विक्री विक्रेत्याला का परवडते*

एकत्रित विक्रीचे आधुनिक विवेचन जॉर्ज स्टिगलर यांच्या १९६३ मधील टिपणापासून सुरू होते. पुढे विल्यम अ‍ॅडम्स आणि जॅनेट येलेन यांनी १९७६ मध्ये त्याचा विस्तार केला. त्याचे सार एका काल्पनिक उदाहरणाने समजून घेता येते.

पहिला ग्राहक संगणकासाठी जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर्षभराच्या आंतरजालासाठी ६,००० रुपये देण्यास तयार आहे, असे मानू. दुसऱ्या ग्राहकाच्या मते या वस्तूंचे मूल्य अनुक्रमे २२,००० आणि १४,००० रुपये आहे. वस्तू वेगवेगळ्या विकल्यास विक्रेत्याचे सर्वाधिक उत्पन्न ५८,००० रुपये होते: संगणक २२,००० रुपयांना दोघांना आणि आंतरजाल १४,००० रुपयांना केवळ दुसऱ्याला. दोन्ही मिळून ३६,००० रुपये किंमत ठेवल्यास मात्र दोघेही खरेदी करतात आणि उत्पन्न ७२,००० रुपये होते.

या व्यवहारात पहिल्या ग्राहकाला पूर्वी न मिळालेले आंतरजाल मिळाले, हा समाजाचा लाभ आहे. परंतु त्याला संगणकावर होणारी ८,००० रुपयांची बचत विक्रेत्याकडे गेली. एकत्रित विक्रीने सेवेचा प्रसार वाढू शकतो आणि त्याच वेळी ग्राहकाचा लाभ घटूही शकतो. या दोन्ही गोष्टी एकाच करारात घडू शकतात.

*करारात दडलेले कर्ज*

एकत्रित करार वाजवी आहे की नाही, हे ठरवताना त्याचे दोन भाग करणे उपयुक्त ठरते: सेवेची बाजारातील किंमत आणि उपकरणासाठी घेतलेले कर्ज. १९९९ मधील ४०० डॉलरच्या सवलतीला ही कसोटी लावता येते. २१.९५ डॉलर दराने ३६ महिन्यांचे ७९०.२० डॉलर होतात.

* ग्राहक एरवीही त्याच दराने तीच सेवा तीन वर्षे घेणार असेल, तर ४०० डॉलर हा त्याचा निव्वळ लाभ होता.
* तशीच सेवा अन्यत्र महिना ९.९५ डॉलरला मिळत असेल, तर तो दरमहा १२ डॉलर, म्हणजे एकूण ४३२ डॉलर अधिक देत होता. हे ४०० डॉलरच्या कर्जावर सुमारे ५ टक्के वार्षिक व्याज देण्यासारखे आहे. हा दर महाग म्हणता येत नाही.
* नेटझीरोसारख्या तत्कालीन जाहिरातआधारित विनामूल्य जोडणीवर ज्याचे भागत होते, त्याच्या दृष्टीने मात्र संपूर्ण ७९०.२० डॉलर ही कर्जफेडच ठरते. तिचा वार्षिक व्याजदर ५० टक्क्यांहून अधिक होतो.

एकच करार एका कुटुंबाला किफायतशीर तर दुसऱ्याला अतिशय महाग का पडतो, हे या तुलनेतून दिसून येते. निर्णय ग्राहकाला उपलब्ध असलेल्या पर्यायांवर अवलंबून असतो आणि हे पर्याय जाहिरातीत दिसत नाहीत.

*काळाचा परिणाम*

संगणक आणि आंतरजाल या दोन्ही गोष्टी लवकर जुन्या व स्वस्त होतात. त्यामुळे तीन वर्षांपूर्वीचा दर आजही भरणारा ग्राहक हळूहळू बाजारभावापासून दूर जातो. १९९९ मध्ये दूरध्वनीच्या तारेवरील मंद जोडणीचा करार केलेल्या अनेकांना मुदत संपण्यापूर्वीच केबल किंवा डीएसएलची वेगवान जोडणी उपलब्ध झाली होती. तिच्याकडे वळायचे तर सवलतीची रक्कम परत करण्याची अट आड येत असे. यंत्र मध्येच बिघडले किंवा ग्राहकाने गाव बदलले, तरी आकार चालूच राहतो, हा अशा करारांतील आणखी एक धोका होय.

याउलट धोका मुदत संपल्यानंतरचा असतो. उपकरणाची किंमत फिटल्यावरही एकत्रित आकार तोच राहिला, तर ग्राहक आधीच फेडलेल्या वस्तूचे पैसे पुन्हा भरत राहतो. ब्रिटनमधील सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस या संस्थेने मोबाइल संचांच्या करारांबाबत हा मुद्दा २०१७ मध्ये मांडला. सप्टेंबर २०१८ मध्ये तिने जुन्या ग्राहकांकडून जादा आकार घेण्याच्या प्रथेविरुद्ध स्पर्धा नियामकाकडे तक्रार केली. तीत ब्रॉडबँड व मोबाइल या सेवांचाही समावेश होता.

*ग्राहकांची मानसिकता*

आजची मोठी रक्कम ग्राहकाला जितकी जाणवते, तितकी पुढे विखुरलेली लहान रक्कम जाणवत नाही. झेव्हियर गॅबे आणि डेव्हिड लेबसन यांनी २००६ मधील लेखात दाखवले की, ग्राहकांपैकी काही जण दडलेल्या आकारांकडे दुर्लक्ष करत असतील, तर स्पर्धा असूनही कंपन्या ते आकार उघड करत नाहीत. सजग ग्राहक स्वस्त उपकरणाचा लाभ उठवतात आणि त्याचा भार बेसावध ग्राहकांवर पडतो.

समर्थन

एकत्रित कराराच्या बाजूने पुढील मुद्दे मांडले जातात.

* बँकेकडून कर्ज न मिळणाऱ्या कुटुंबांना हप्त्याने संगणक मिळतो.
* जोडणी, जुळवणी आणि दुरुस्ती यांची जबाबदारी एकाच विक्रेत्यावर राहते. संगणकाचा सराव नसलेल्यांना ही सोय मोलाची असते.
* दीर्घ मुदतीमुळे सेवादात्याचा ग्राहक मिळवण्याचा खर्च कमी होतो आणि त्यातील काही वाटा ग्राहकाला मिळू शकतो.
* मोठ्या संख्येने खरेदी केल्यास दर उतरतात. फेब्रुवारी २००० मध्ये फोर्ड मोटर कंपनीने आपल्या सुमारे ३,५०,००० कर्मचाऱ्यांसाठी महिना ५ डॉलरमध्ये संगणक व आंतरजाल देण्याची योजना जाहीर केली. मात्र येथे उर्वरित खर्च मालक सोसत होता.

नियमन

*अमेरिका*

जून २००० मध्ये संघीय व्यापार आयोगाने बाय डॉट कॉम, ऑफिस डेपो आणि व्हॅल्यू अमेरिका या तीन विक्रेत्यांविरुद्धची प्रकरणे तडजोडीने निकाली काढली. "मोफत" किंवा स्वल्प किमतीच्या संगणकाच्या जाहिरातींत तीन वर्षांच्या सेवाकराराचा खरा खर्च पुरेसा स्पष्ट केलेला नाही, असा आयोगाचा आक्षेप होता. हे खर्च यापुढे ठळकपणे दाखवण्याचे बंधन विक्रेत्यांवर आले.

*युरोपीय संघ*

२०१८ च्या युरोपीय इलेक्ट्रॉनिक संप्रेषण संहितेनुसार ग्राहकाला आरंभी २४ महिन्यांहून अधिक काळ बांधून ठेवता येत नाही. मुदतीपूर्वी करार मोडून उपकरण स्वतःकडे ठेवणाऱ्या ग्राहकाकडून घ्यावयाच्या भरपाईलाही मर्यादा आहे. उपकरणाचे उर्वरित काळाच्या प्रमाणातील मूल्य किंवा सेवेचा उरलेला आकार, यांपैकी जी रक्कम कमी असेल तिच्यापेक्षा अधिक भरपाई मागता येत नाही.

*जपान*

१ ऑक्टोबर २०१९ पासून जपानने मोबाइल क्षेत्रात उपकरणाची किंमत आणि सेवेचा आकार वेगळे ठेवणे बंधनकारक केले. सेवेशी जोडलेल्या उपकरणावरील सवलतीला २०,००० येनची आणि करार मोडण्याच्या शुल्काला १,००० येनची मर्यादा घालण्यात आली.

*भारत*

भारतात या पद्धतीचे सर्वाधिक परिचित उदाहरण संगणकाचे नसून २०१७ मध्ये आलेल्या जिओफोन या मोबाइल संचाचे आहे. तो १,५०० रुपयांच्या परत मिळणाऱ्या अनामतीवर देण्यात आला. अनामत तीन वर्षांनी परत मिळण्यासाठी वर्षाला किमान १,५०० रुपयांचे रिचार्ज करण्याची अट होती. म्हणजे तीन वर्षांत किमान ४,५०० रुपयांचा वापर अपेक्षित होता.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधील पुढील तरतुदी अशा करारांना लागू पडतात.

* एक वस्तू घेण्यासाठी दुसरी वस्तू वा सेवा घेण्याची सक्ती ही "प्रतिबंधात्मक व्यापारी प्रथा" या व्याख्येत येते.
* करारभंगामुळे झालेल्या हानीच्या तुलनेत अवाजवी दंड, अवास्तव अनामत किंवा मुदतीपूर्वी कर्ज फेडण्यास नकार यांसारख्या अटींमुळे करार "अनुचित करार" ठरू शकतो. अशा तक्रारी राज्य आयोगाकडे किंवा राष्ट्रीय आयोगाकडे करता येतात.

जून २०२२ मधील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार "मोफत" देकार मिळवण्यासाठी ग्राहकाला कोणते बंधन स्वीकारावे लागेल, हे जाहिरातीत स्पष्ट करावे लागते. नोव्हेंबर २०२३ मधील मार्गदर्शक तत्त्वांनी किमतीचे घटक टप्प्याटप्प्याने उघड करणे आणि सदस्यत्व रद्द करणे अवघड करून ठेवणे या प्रथांना प्रतिबंध केला आहे. तक्रारीपूर्वीच्या मार्गदर्शनासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक उपलब्ध आहे.

मूल्यमापनाची पद्धत

कराराचे मूल्यमापन करताना मासिक आकाराऐवजी संपूर्ण मुदतीचा खर्च पाहिला जातो. उदाहरणार्थ, ३६,००० रुपयांचा लॅपटॉप आणि महिना ६०० रुपयांची जोडणी वेगवेगळी घेतल्यास २४ महिन्यांचा खर्च ५०,४०० रुपये होतो. हेच दोन्ही महिना २,२०० रुपयांना एकत्र मिळत असल्यास खर्च ५२,८०० रुपये होतो. जादा २,४०० रुपये हे हप्त्याच्या सोयीचे मोल होय. ते वार्षिक सुमारे ६ टक्के व्याजाइतके असल्याने वाजवी ठरते.

परंतु एका वर्षानंतर तशीच जोडणी बाहेर ४०० रुपयांना मिळू लागली, तर उरलेल्या १२ महिन्यांत आणखी २,४०० रुपयांचा तोटा होतो. मुदत संपल्यावरही २,२०० रुपयेच भरत राहिल्यास दरमहा किमान १,६०० रुपये विनाकारण जातात. त्यामुळे उपकरणाची स्वतंत्र किंमत, करार मोडण्याचे शुल्क, मुदतीनंतरचा आकार आणि उपकरणाची मालकी केव्हा मिळते, या चार बाबी करारात लेखी नमूद असल्यावरच त्याची तुलना अन्य पर्यायांशी करता येते.

हे सुद्धा पहा

* ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९
* अंकीय दरी
* नेटबुक
* मिनिटेल