गिट शिकताना (लेखांक ६) : चिखलदऱ्यात क्लोन कसा उतरवायचा?

मागच्या आठवड्यात कमिटची ओळख झाली. आजचा प्रश्न असा, की रेपोतले सगळे जुने कमिट आपल्या लॅपटॉपवर असायलाच हवेत का?

अमरावतीत कॉलेजच्या वाय-फायवर हा प्रश्न सहसा पडत नाही. सुट्टीत चिखलदऱ्याला घरी गेलेल्या विद्यार्थ्याला मात्र पडतो. शेजारच्या धारणी तालुक्यातलं हरिसाल २०१६ मध्ये ‘डिजिटल गाव’ म्हणून देशभर गाजलं, तरी मेळघाटात रेंजचा भरवसा धरून काम आखता येत नाही. त्यात गिट क्लोन मध्येच तुटला, तर जिथे थांबला तिथून पुढे जात नाही. सगळं पहिल्यापासून. लिनस टोरवाल्ड्सने २००५ मध्ये ज्या लिनक्स कर्नलसाठी गिट लिहिलं, त्या कर्नलचे आज दहा लाखांहून जास्त कमिट आहेत आणि पूर्ण इतिहास काही जीबींचा आहे. शेवटच्या टप्प्यात रेंज गेली, की दिवसभराचा डेटा पाण्यात.

म्हणून शॅलो क्लोन. आदेशात ‘डेप्थ १’ दिलं, की फक्त शेवटचा कमिट आणि त्याच्या फाइली येतात. आजचा सातबारा हाती आला, फेरफारांची जुनी बाडं तलाठ्याकडेच राहिली. कोड चालवून पाहायला एवढं पुरतं. मात्र डेप्थ दिली की गिट एकच शाखा आणतं. बाकीच्या शाखा हव्या असतील, तर ‘नो-सिंगल-ब्रँच’ जोडावं लागतं.

इतिहासही हवा असेल, तर त्याच प्रतीत ‘गिट फेच’ला ‘डीपन १००’ द्यायचं. आणखी शंभर पिढ्या मागचे कमिट येतात. पुढची खेप तुटली, तरी आधीची शाबूत राहते. कच्च्या नेटवर मला हाच मार्ग सर्वांत भरवशाचा वाटतो. सगळा इतिहास एकदम घ्यायचा असेल, तर ‘अनशॅलो’ आहे.

२०१८ पासून गिटमध्ये पार्शल क्लोनही आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोजचा सुमारे ३०० जीबींचा रेपो गिटवर नेला, तेव्हा अशी सोय किती गरजेची आहे ते उघड झालं होतं. यात ‘ब्लॉब नन’ ही गाळणी लावली, की कमिट सगळे येतात, पण फाइलींच्या जुन्या आवृत्त्या लागतील तेव्हाच उतरतात. शहरात हे उत्तम. डोंगरात नको, कारण ‘गिट ब्लेम’ चालवायला गेलात आणि नेट नसेल, तर काम तिथेच अडतं.

आणि पेनड्राइव्ह विसरू नका. अमरावतीत पूर्ण रेपो असलेल्या मित्राला ‘गिट बंडल क्रिएट’ चालवून, शेवटी ‘ऑल’ देऊन, एक फाइल करायला सांगा. परतवाड्याहून घाट चढणाऱ्या एसटीत ती खिशात येते. घरी त्या फाइलीवरूनच क्लोन करा आणि मग ‘गिट रिमोट सेट-यूआरएल’ने ओरिजिनला खरा पत्ता द्या. त्यानंतरच्या फेचमध्ये फक्त नवे कमिट उतरतात, आणि तेवढ्याला दोन काड्यांची रेंजही चालते.