ध्रुवप्रकाशाचें चित्र

हिंगोली जिल्ह्यांतील साखरा हें गांव विषुववृत्तापासून सुमारें वीस अंश उत्तरेस आहे. तेथें शेतांत जागलीस बसलेल्या माणसास मध्यरात्रीं उत्तर क्षितिजावर तांबूस उजाळा दिसला, तर कोठेंतरी कडब्याची गंजी पेटली असावी असेंच तो समजेल. आणि बहुधा तें खरेंहि असेल. परंतु रोमन बादशहा टायबेरिअस याच्या कारकीर्दींत अशाच उजाळ्यास भुलून, ऑस्टिया बंदरास आग लागली म्हणून सैन्याच्या तुकड्या धांवत गेल्या, असें सेनेका या पंडितानें लिहून ठेविलें आहे. आग नव्हती, तो ध्रुवप्रकाश होता. ज्याला पाहणारा ओळखीत नाहीं, त्याचें चित्र काढावयाचें तरी कसें?

सूर्याकडून येणारे विद्युद्भारित कण पृथ्वीच्या चुंबकत्वामुळें ध्रुवांकडे वळतात आणि वरच्या विरळ हवेवर आदळतात. सुमारें शंभर ते दीडशें किलोमीटर उंचीवर प्राणवायूचे अणु हिरवा प्रकाश देतात. दोनशें किलोमीटरच्या वर तेच अणु तांबडा प्रकाश देतात. हिरवा प्रकाश सेकंदाच्या आंत बाहेर पडतो. तांबड्यास मात्र सुमारें दोन मिनिटें लागतात, आणि तेवढ्या अवधींत अणूस दुसऱ्याचा धक्का बसला तर तो प्रकाश निघतच नाहीं. म्हणून हिरव्या पडद्यास कांठ असतो, सळसळ असते. तांबडा प्रकाश ओल्या कागदावर कुंकू पसरावें तसा पसरतो. पृथ्वी गोल असल्यामुळें दूर दक्षिणेस हिरवा भाग क्षितिजाखालीं बुडतो आणि हा वरचा तांबडा भागच काय तो दिसूं शकतो.

४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्रीं मुंबईहून असा प्रकाश दिसल्याची नोंद आहे. त्यापूर्वीं, २ सप्टेंबर १८५९ रोजीं, त्याहूनहि प्रचंड चुंबकीय वादळ झालें. परंतु मुंबईस तेव्हां सकाळचे सुमारें अकरा वाजले होते आणि भर उन्हांत आकाशांत कांहीं दिसणें शक्यच नव्हतें. दिसली ती केवळ कुलाब्याच्या वेधशाळेंतील चुंबकांची हालचाल. तेथील निरीक्षकांनीं ती डोळ्यांनीं वाचून थोड्या थोड्या वेळानें आंकडे लिहून ठेविले. आडव्या चुंबकीय बलांत सुमारें १६०० नॅनोटेस्लांची घट झाली होती. त्या आंकड्यांवरून काढलेली खोल दरीसारखी वक्ररेषा आजहि जगांतील संशोधक अभ्यासितात. महाराष्ट्राच्या वांट्यास आलेलें ध्रुवप्रकाशाचें आद्य चित्र तें हेंच, असें म्हणावयास हरकत नाहीं. पुढें विजेच्या ट्रामगाड्यांमुळें चुंबकांस उपद्रव होणार हें ओळखून १९०४ मध्यें हें काम अलिबागेस नेण्यांत आलें. चुंबकास जोडलेल्या आरशावरून परावृत्त झालेला किरण छायाचित्रणाच्या कागदावर आपली रेषा आपणच काढी.

रेषेस रंग नसतो. तो टिपण्याचें काम प्रथम चित्रकारांकडे आलें. अमेरिकेच्या फ्रेडरिक चर्च यानें १८६५ मध्यें काढलेलें ध्रुवप्रकाशाचें चित्र विख्यात आहे. परंतु त्यास आधार होता ध्रुवप्रवासी आयझॅक हेझ याच्या रेखाटनांचा. भव्यतेंत तें चित्र अतुलनीय असेल, पुरावा म्हणून मात्र दुय्यमच. डॅनिश चित्रकार हाराल्ड मोल्टके याची योग्यता या बाबतींत अधिक. १८९९ च्या हिवाळ्यांत शास्त्रज्ञांच्या तुकडीबरोबर तो आइसलंडास गेला. रात्रीं अंधारांत पेन्सिलीनें आकृति टिपावयाची आणि दिवसा तैलरंगांत चित्र पुरें करावयाचें, हा त्याचा क्रम. रंग आठवणींतून यावयाचा. आणि आठवण रंग गडद करिते, हें कोणताहि चित्रकार कबूल करील.

छायाचित्रकार मागें राहिले याचें कारण, त्या काळच्या कांचा मंद होत्या. मार्टिन ब्रेंडेल या जर्मन गृहस्थास १८९२ मध्यें उत्तर नॉर्वेंत पहिलें यश लाभलें. १९१० पासून नॉर्वेच्याच कार्ल स्टॉर्मर यानें त्यांतून शास्त्र निर्माण केलें. एकमेकांपासून दूर अशा दोन ठाण्यांवर दोन कॅमेरे ठेवावयाचे, टेलिफोनवर खूण देऊन एकाच क्षणीं छायाचित्र घ्यावयाचें, आणि मागच्या ताऱ्यांशीं ताडून प्रकाशाची उंची काढावयाची. उंची मिळाली, परंतु चित्र कृष्णधवलच राहिलें.

आतां उलट प्रकार झाला आहे. १० मे १८५९ नव्हे, २०२४ च्या रात्रीं लडाखमधील हानले येथील खगोल वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनीं क्षितिजावर तांबडी प्रभा टिपली. अंधुक उजेडांत मनुष्याच्या डोळ्यास तांबडा रंग फारसा कळत नाहीं. कॅमेरा मात्र कित्येक सेकंदांचा प्रकाश सांठवून एकदम दाखवितो. त्याचें चित्र खोटें नव्हे, परंतु तें डोळ्यांनीं पाहिलेलें दृश्यहि नव्हे. म्हणून अशा छायाचित्राखालीं वेळ, दिशा आणि कॅमेरा किती सेकंद उघडा होता हें लिहिलेलें असावें. वर्तमानपत्रांत तें क्वचितच आढळतें.