वागळेचा नाला आणि खाडीतलं तिवर

वागळे इस्टेटमधून खाडी दिसत नाही. इथून दिसतो येऊरचा डोंगर, कारखान्यांची पत्र्याची छपरं आणि अलीकडे त्यांच्याच जागी उभ्या राहिलेल्या काचेच्या कचेऱ्या. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि तिची पहिली औद्योगिक वसाहत इथेच वसली. तेव्हापासून आपण खाडीकाठचे रहिवासी आहोत, असं इथल्या माणसाच्या मनातही येत नाही. पण येऊरच्या उतारावर पडलेला पाऊस वागळेतल्या नाल्यांमधून वाट काढत पूर्वेला, ठाणे खाडीकडेच जातो. दुधाची पिशवी, वेफर्सचं वेष्टण, शिंप्याच्या दुकानातल्या चिंध्याही त्याच पाण्याबरोबर निघतात आणि कोपरी-चेंदणीच्या बाजूला कांदळवनातल्या तिवरांच्या मुळांत अडकतात.

त्या मुळांपाशी गमबूट घालून उतरणारी तरुण मुलं हा या लेखाचा विषय. ठाण्यात पर्यावरण दक्षता मंडळासारखी संस्था कित्येक वर्षं विद्यार्थ्यांना खाडीशी जोडते आहे. पलीकडे नवी मुंबईत एन्व्हायर्न्मेंट लाइफ फाउंडेशनचे स्वयंसेवक सुट्टीच्या दिवशी कांदळवनातला कचरा काढतात. अनेक महाविद्यालयांतली मुलं राष्ट्रीय सेवा योजनेतून येतात. वर्षाला १२० तासांचं काम हा त्या योजनेचा नियम. तास भरायला आलेली मुलं तास भरल्यावरही येत राहतात तेव्हा मला फार आनंद होतो.

या कामाचं वेळापत्रक घड्याळावर ठरत नाही, ते ठरतं ओहोटीवर. पाणी उतरलं की दोन-तीन तास मिळतात. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती खूप आत चढते आणि कचराही आत नेऊन टाकते. भांगाला, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, ती तेवढी पोचत नाही. चेंदणीच्या कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्यांना हे हिशेब तोंडपाठ असतात. शहरात वाढलेल्या मुलाला ते पहिल्यांदा कळतात तेव्हा त्याला खाडी नव्याने दिसू लागते.

चिखलात काय दिसतं? पेन्सिली उलट्या रोवाव्यात तशी, बोटभर जाडीची, वर तोंड करून उभी असलेली मुळं. ही तिवराची श्वसनमुळं. खाडीच्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून झाड मुळंच हवेत काढून त्यांच्यावरच्या बारीक छिद्रांतून श्वास घेतं. त्यावर प्लास्टिकचा थर बसला की झाडाचा श्वास कोंडतो. सगळ्यात वाईट चिंध्या. त्या मुळांना पिळा घालतात, मग त्यांत गाळ भरतो. अशा वेळी जोर लावून ओढलं तर मूळच तुटून हातात येतं, म्हणून कापड कात्रीने कापून सोडवावं लागतं. इथे ताकदीपेक्षा धीर उपयोगी पडतो.

कांदळवन वाचवायचं म्हणजे रोपं लावायची, हा समज आपल्याकडे पक्का बसलेला आहे. फोटोही रोप लावतानाचाच चांगला येतो. पण भरती-ओहोटीचं पाणी नीट खेळत असेल आणि जवळ जुनी झाडं असतील, तर तिवर स्वतःच स्वतःची लागवड करतं. त्याचं बी झाडावर असतानाच रुजायला लागतं. पावसाळ्यात ते पाण्यात पडतं, तरंगत जातं आणि मोकळा चिखल लागला की धरतं. तिथे पिशव्यांची चादर पसरलेली असेल तर ते तसंच पुढे वाहून जातं. म्हणून मे महिन्यातल्या घामाघूम सकाळी केलेली सफाई मला सगळ्यात मोलाची वाटते. बी पडायच्या आधी तिथली जमीन उघडी झालेली असते.

राडारोड्याचं दुखणं मात्र मुलांच्या हाताबाहेरचं आहे. रात्री डंपर येऊन भराव टाकतात, पाण्याची वाट बुजते आणि आतली झाडं उभ्या उभ्या वाळतात. इथे कामी येतो तो कायदा. बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुपच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली कांदळवनं तोडण्यावर बंदी घातली. २०१८ च्या निकालाने ती कायम झाली आणि भोवतालचा ५० मीटरचा पट्टाही संरक्षित ठरला. राज्याचा कांदळवन कक्ष २०१२ मध्ये सुरू झाला. फावडं हातात घेणाऱ्या मुलांनी भरावाचा फोटो, जागा आणि तारीख नोंदवून तक्रार करायलाही शिकलं पाहिजे.

२६ जुलै हा युनेस्कोने ठरवलेला जागतिक कांदळवन दिन. ठाणे-डोंबिवलीकरांना ती तारीख २००५ च्या प्रलयामुळे आठवते. त्या दिवशी पाण्याला पसरायला जागा मिळाली नाही, आणि अशी जागा राखून ठेवतात त्या पाणथळीच.

कोपरी-चेंदणीचा हा पट्टा आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. ऐरोली आणि वाशी या पुलांदरम्यानच्या खाडीला २०१५ मध्ये रोहित पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. त्यात ८९६ हेक्टर कांदळवन आणि ७९४ हेक्टर पाणी आहे. २०२२ मध्ये ठाणे खाडी रामसर स्थळांच्या यादीतही गेली. कोपरी-चेंदणी ऐरोली पुलाच्या वरच्या अंगाला आहे. तिथे गोणीत भरलेली पिशवी ओहोटीबरोबर रोहितांच्या चिखलात उतरत नाही.

गोणीत काय भरलं, हेही मोजता येतं. १९८६ साली अमेरिकेत टेक्सासच्या किनाऱ्यावर दोन स्त्रियांनी स्वयंसेवकांना कचरा उचलता उचलता त्याची नोंदही करायला लावली. त्यातूनच दर सप्टेंबरची आंतरराष्ट्रीय किनारा सफाई सुरू झाली. आपल्याकडच्या मुलांनीही गोणी बांधण्यापूर्वी मोजणी करावी असं मला मनापासून वाटतं. वेष्टणं किती, चिंध्या किती, थर्माकोल किती, निर्माल्याच्या पिशव्या किती. ती यादी घेऊन उलट्या दिशेने चालत यावं, खाडीपासून नाल्याने वर, थेट वागळेपर्यंत. कापडाचे तुकडे कुठल्या गल्लीतून येतात, नाल्यावर जाळी कुठे बसवता येईल, हे तिथे उभं राहिल्यावरच कळेल.

पुढच्या उधाणाला कचरा पुन्हा येतो, हे या मुलांना पक्कं ठाऊक असतं. तरीही गेल्या खेपेला साफ केलेल्या तुकड्याकडे ती आधी वळतात. चिखलावर निवट्या उड्या मारत असतात, आणि नीट वाकून पाहिलं तर दोन जाड हिरव्या दलांचं, बोटभर उंचीचं तिवर उभं असतं, कुणीही न लावलेलं.